ओढ्याअलीकडची तोफ

तोफ ओढ्याच्या अलीकडे होती. गिरधर जिना चढून वर आला, धाप ओसरेपर्यंत खिडकीशी थांबला, चष्मा पुसला, टेबलाशी जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या नजरेत पहिल्यांदा तेच भरलं. ती अलीकडे कशी असेल? गेल्या खेपेला उठताना ती ओढ्याच्या पलीकडे होती, टेकडीच्या पायथ्याला लागून असलेल्या चौकटीत, तोंड उताराकडे करून. तिथून उतारावरून ओढ्याकडे येणारी सगळी वाट तिच्या माऱ्यात होती. तेवढ्यासाठी तर त्याने ती पुढे नेली होती. आता ती एक चौकट मागे, ओढ्याच्या या बाजूला उभी होती, आणि तिच्या आणि उताराच्या मधोमध टेकडी आली होती. त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे तोफ पलीकडे होती. उघडले, तर अलीकडे. खाली दुकानात घेवरचंद कुणा गिऱ्हाइकाला अस्तराचं कापड फाडून देत होता, त्याचा तो लांब, सरळ आवाज जिन्यातून वर आला. नव्या कापडाच्या खळीचा वास त्या माडीवर कोंडला होता. खिडकीशी एक माशी गुणगुणत आत-बाहेर करत होती. हातात तोफ उचलून पुन्हा पलीकडे ठेवावी असं त्याला वाटलं, आणि हात पुढे गेलाही. पण मग तो थांबला. कुणी बघत नसताना मोहरा हलवणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. आणि ती खरोखरच अलीकडे असली तर?

कुणी बाहेरच्याने पाहिलं असतं तर हसलाच असता. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, एक शहाद्याचा कापड दुकानदार आणि एक लोणखेड्याच्या कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल, आठवड्यातून एकदा दुपारी दुकानाच्या माडीवर जमतात आणि बोटाच्या दीड पेराएवढ्या सैनिकांची लढाई लढतात. सैनिक घेवरच्या नातवाचे, पुनीतचे. त्याने ते कसल्याशा यंत्रावर घरीच बनवले होते, एकेकाचा फेटा आणि मिशी केसाएवढ्या कुंचल्याने रंगवली होती, आणि नोकरीला बंगळुरूला जाताना खोकं आजोबांकडे टाकून गेला होता. सोबत इंग्रजी नियमांचं एक चोपडं होतं. घेवरने ते गिरधरपुढे टाकलं आणि म्हणाला, तू पुस्तकातला माणूस, वाच आणि सांग. गिरधरने वाचलं, सांगितलं. मैदानावर चौकटी आखायच्या. पायदळ एका वेळी एक चौकट सरकतं, घोडदळ दोन. तोफ सरळ रेषेत मारते, मध्ये टेकडी आली तर मारा होत नाही. ओढ्यात पाय टाकला की तिथेच थांबावं लागतं, पुढची चाल पुढच्या पाळीला. बाकी सगळं फाशावर. मैदान घेवरने दिलं: हिरव्या सुती कापडाचा तागा, त्यावर शिंप्याच्या खडूने गज लावून आखलेल्या चौकटी, निळ्या साटिनीच्या पट्टीचा ओढा, पुनीतच्या खोक्यातली टेकडी, आणि कॉर्डरॉयच्या तुकड्यांची नांगरलेली वावरं. कॉर्डरॉयचं वावर बघून गिरधरला पहिल्या दिवशी इतका आनंद झाला होता की तो ते बोटाने चाचपत राहिला. नांगराचे तास अगदी खऱ्या तासांसारखे होते. वडलांच्या रनाळ्याच्या वावरात पेरणीआधी असेच दिसायचे.

पण घेवर जैन. लढाई खेळायची म्हणजे त्याच्या घरात प्रश्नच होता. पतासीबाई, त्याची बायको, प्रवचनाला जैन स्थानकात जाणारी, चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवणारी. तिने सांगितलं होतं की पिठाचा कोंबडा कापला तरी कापल्याचं पाप लागतं, कारण कापणं आधी मनात होतं. त्यावर दोघा म्हाताऱ्यांनी बरेच दिवस खल केला आणि शेवटी तोड निघाली. मोहरा पडला की ‘मेला’ म्हणायचं नाही, ‘घर गया’ म्हणायचं, आणि तो पितळेच्या ताटलीत उभा ठेवायचा, आडवा नाही. लढाईही कुठली खरी झालेली घ्यायची नाही. गिरधरला खरं तर खरी लढाई हवी होती, त्याने आयुष्यभर कपाटं लावली होती ती इतिहासाचीच. पण घेवर म्हणाला, खरी लढाई खेळलो तर तिच्यात जे मेले त्यांच्या मरण्याला आपण मान हलवल्यासारखं होतं, आणि करणं, करवणं आणि मान हलवणं हे तिन्ही सारखंच. म्हणून कुठल्याच पुस्तकात नसलेल्या लढाया. कुठल्याच गावाजवळ नसलेला ओढा. ही आत्ताची लढाई गिरधरने स्वतः रचली होती, लोणखेड्याला दुपारी आडवा पडल्यापडल्या. टेकडी, उतार, वावर. तोफेने उतार धरून ठेवायचा आणि पायदळ हळूहळू वावरातून, जिथून कुणी येईल असं वाटणार नाही तिथून, पलीकडे न्यायचं. सुचलं तेव्हा तो उठून बसला होता. त्याला वाटलं, अजून आहे. डोकं अजून आहे.

डोकं असणं-नसणं हा प्रश्न आता गंमतीचा राहिला नव्हता. हेमकांत, त्याचा मुलगा, पुण्याला होता. त्याने मोठी जागा घेतली होती, त्यात एक खोली आई-वडलांची म्हणून वेगळी काढली होती, आणि दर फोनला तो विचारत होता, कधी येताय. सून रंजितासुद्धा विचारायची, मनापासून विचारायची. प्रमिला, गिरधरची बायको, काही म्हणत नव्हती, पण तिचे गुडघे म्हणत होते. आणि गेल्या काही महिन्यांत घरात काही गोष्टी झाल्या होत्या. गॅसवर दूध ठेवून तो वाचत बसला, हे तर तरुणपणीही व्हायचं. पण शेजारच्या जागृतीच्या लग्नाला जाऊन आल्यावर त्याने प्रमिलेला विचारलं की जागृतीचं लग्न कधी आहे, तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली होती. मग त्याने मस्करी केल्याचं सोंग केलं. तिनेही हसल्याचं सोंग केलं. त्या दिवशी तो तिला म्हणाला होता की ज्या दिवशी मला स्वतःला खात्री पटेल की मी विसरायला लागलोय, त्या दिवशी मी मुकाट्याने पुण्याला चालेन, एक शब्द बोलणार नाही. पण खात्री मला पटली पाहिजे. तिने ते मान्य केलं. आज संध्याकाळी हेमकांतचा फोन यायचा होता, आणि या वेळी त्याला निश्चित उत्तर हवं होतं.

खात्री कशी पटवायची, ते गिरधरने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची परीक्षा हे मैदान होतं. लढाई एका बैठकीत संपत नसे. मोहरे आहेत तिथेच ठेवून दोघे उठत, माडीला कडी लागे, आणि पुढच्या आठवड्याला तिथूनच पुढे. मधल्या दिवसांत गिरधर डोळे मिटून सगळं मैदान आठवायचा. एका कोपऱ्यापासून सुरू करायचं, चौकट चौकट पुढे जायचं, कुठे कोण उभा आहे ते पुटपुटायचं. आणि मग आठवड्याने जिना चढून वर यायचं आणि ताडून बघायचं. आजवर ते सगळं जुळत आलं होतं. एखादा घोडेस्वार वाकडा असे, तेवढंच. जिना उतरताना त्याला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं, आणि इतक्या म्हातारपणी असं वाटावं याची लाजही. आणि आज तोफ अलीकडे होती.

अप्पांचं असंच झालं होतं का? अप्पा त्याचे थोरले भाऊ, रनाळ्याला राहायचे. त्यांचं विसरणं सुरू झालं ते कुणाला कळलंच नाही, कारण ते विसरत नव्हते, ते सभ्य होत चालले होते. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वागू लागले. चपला दाराशी एका बाजूला नीट काढून ठेवायच्या. वहिनीने पाणी दिलं की कशाला त्रास घेतला म्हणायचं. जेवण झालं की खाटेवर थोडं टेकायचं आणि मग उठून सगळ्यांना हात जोडून म्हणायचं, चला, निघतो आता, उशीर होईल. गिरधर भेटायला गेला की दोघे भाऊ एकमेकांचा निरोप घेत बसायचे. त्याला अप्पांचा चेहरा आठवला, त्यावर भीती नव्हती, फक्त संकोच होता. फार वेळ दुसऱ्याच्या घरी राहिल्याचा संकोच. तोच संकोच गिरधरच्या अंगात जन्मापासून होता. ग्रंथालयातसुद्धा तो स्वतःच्या खुर्चीवर पाहुण्यासारखा बसायचा. मग आपलं सुरू झालेलं आपल्याला कळणार कसं?

घेवर जिना चढून आला तेव्हा गिरधर खुर्चीत बसून टेकडीकडे बघत होता. काय देखी ऱ्हायना, असं घेवरने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पंखा वाढवला, खांद्यावरची मापाची पट्टी काढून खिळ्याला लावली. तो गिरधरपेक्षा थोडा लहान, पण दिसायचा मोठा. शाळेत दोघे एका बाकावर. गिरधर गणितात कच्चा, घेवर बाकी सगळ्यात. तो बडबडत होता: पर्युषण जवळ आलंय, ते आठ दिवस माडी बंद, फाशाला हात लावणार नाही, बायकोला शब्द दिलाय. तोवर ही लढाई संपली तर बरं, नाही तर माझं सैन्य आठ दिवस उपाशी राहील. आणि तू तरी किती विचार करतो रे एका चालीला. मन्हा घोडा म्हातारा व्हयी जाई. गिरधर हसला. हसता हसता तो घेवरच्या डोळ्यांकडे बघत होता. घेवरची नजर मैदानावरून फिरली, तोफेवरून गेली, आणि तिथे अडकली नाही. किंवा अडकली होती आणि त्याने ती सोडवून घेतली होती. गिरधरला ठरवता येईना.

विचारायचं. एवढंच तर होतं. घेवर, तोफ कुठे होती? चार शब्द. पण ते शब्द कुठल्याही बाजूने धरले तरी कापत होते. तोफ मागे गेल्याने फायदा घेवरचा होत होता. त्याचं घोडदळ उतारासमोरच दबा धरून होतं, आणि आता त्याला अडवायला कुणी नव्हतं. म्हणजे विचारणं म्हणजे, तू चोरून चाल केलीस का, असं म्हणणं. शाळेत गोट्या खेळताना घेवर चोरायचा, उघड चोरायचा, पकडलं की गोटी परत द्यायचा आणि वर स्वतःची एक द्यायचा. पण दुकानात कापड मोजताना गजाच्या पुढे चार बोटं जास्त सोडायचा, आणि मुलं ओरडली की म्हणायचा, कात्रीलापण जागा लागते. असा माणूस एका तोफेसाठी? आणि घेवर म्हणाला, की तोफ अलीकडेच होती, तर? तर मग संध्याकाळी हेमकांतला हो म्हणायचं. पुस्तकं कुणाला तरी द्यायची. ही माडी, हा खळीचा वास, हा माणूस, सगळं सोडून पुण्याच्या त्या वेगळ्या काढलेल्या खोलीत जाऊन चपला एका बाजूला नीट काढायच्या. त्या नियमांच्या चोपड्यात अगदी शेवटी एक कलम होतं, की मोहरा कुठे होता यावर खेळाडूंचं एकमत नसेल तर वाद घालू नये, फासा टाकावा आणि पुढे जावं. भाषांतर करताना गिरधरला ते उथळ वाटलं होतं. सत्य फाशावर कसं ठरेल? आज ते त्याला फार दयाळू कलम वाटलं. पण एकमत नसायला दोघं लागतात. इथे तो एकटाच होता, पलीकडेही तोच आणि अलीकडेही तोच.

तो खेळू लागला. तोफेला हात न लावता त्याने वावरातलं पायदळ एक चौकट पुढे सरकवलं. कॉर्डरॉयच्या तासांत ते थोडं डगमगलं. घेवरने लगेच, जवळजवळ न बघता, आपली एक तुकडी वावराच्या टोकाकडे वळवली. याला कसं कळलं? ही वाट तर गिरधरने कुणाला सांगितली नव्हती, ती त्याच्या मनातच होती. पहिल्या दिवशीही असंच झालं होतं. टेकडी इथे, ओढा असा, असं गिरधर उत्साहाने मांडत होता आणि घेवर नुसतं हं म्हणाला, आणि कापड काढायला गोदामात गेला तो बराच वेळ आलाच नाही. कापड आणलं तेच हिरवं. त्यावर जुन्या खडूच्या पुसट खुणा होत्या, झटकून न गेलेल्या, आणि नव्या ओढ्याची रेघ मारताना ती एका जुन्या रेघेवरून जात होती असं गिरधरला तेव्हा वाटलं होतं. ओढे काय, सगळे सारखेच वळतात. आताही निळ्या पट्टीच्या कडेने ती जुनी रेघ दिसत होती. टेकडीच्या पायथ्याला, जिथे तोफ होती, किंवा नव्हती, तिथे मातीचा एक गोळा होता, करवंदाएवढा, गुळगुळीत. पुनीतने टेकडीला लावलेलं लुकण असेल. पण तो गोळा आधी होता का? त्याने आठवून पाहिलं. मिटल्या डोळ्यांच्या मैदानावर गोळा नव्हता. म्हणजे आता न जुळणाऱ्या दोन गोष्टी झाल्या. की त्याच्या मिटल्या डोळ्यांचं मैदान हेच खोटं होतं, पहिल्यापासून, आणि आजवर जुळत आलं तेही त्याने जुळवून घेतलं होतं? परीक्षा घेणारा तोच, पेपर तपासणारा तोच. अप्पासुद्धा स्वतःच्या मते दर वेळी बरोबरच होते. घर दुसऱ्याचं होतं, एवढंच.

घेवरने घोडदळ उचललं, दोन चौकटी पुढे टाकलं. ओढ्यात पाय. थांबलं. पुढच्या पाळीला ते या बाजूला येणार. घेवर म्हणाला की तुझी पाळी. आणि मग फासा हातात चोळत, खालच्या आवाजात, तोफ नाही मारणार का, असं म्हणाला. गिरधर म्हणाला, टेकडी आडवी येते. घेवर टेकडीकडे बघत राहिला. हां, म्हणाला, येते खरी.

तेवढ्यात पतासीबाई आल्या. जिना त्यांना जड जायचा, म्हणून त्या कठड्याला धरून एकेक पायरी घेत, आणि येण्याच्या आधी त्यांच्या बांगड्या यायच्या. हातात ताट, ताटात चहाचे कप आणि मेथीचा नाही, साधा खाखरा, कारण चातुर्मासात हिरवं नाही. त्या कधी मैदानाकडे फारसं बघत नसत. ताटलीत उभे केलेले घरी गेलेले सैनिक तेवढे मोजल्यासारखे बघायच्या आणि मान हलवायच्या. आज मात्र ताट स्टुलावर ठेवून त्या सरळ टेबलाशी आल्या, पदर सावरून वाकल्या आणि टेकडीच्या पायथ्याशी निरखून बघू लागल्या. मग समाधानाने म्हणाल्या, “बन्नं घर तिन्हं. आते कोनी हात लावू नका बरं का गिरधरभाऊ.”

गिरधरला कळेना. कुणाचं घर, असं त्याने विचारलं. पतासीबाई म्हणाल्या, त्या माशीचं. कुंभारमाशीचं. चिखल आणून आणून इथे घर बांधत होती ना, आत तिचा जीव आहे, चातुर्मासात मोडायचं कसं. म्हणून तर ती गाडी सरकवली. तोफेला त्या गाडी म्हणायच्या. गिरधर खुर्चीतून अर्धवट उठला. म्हणजे तोफ होती. पलीकडे होती. मिटल्या डोळ्यांचं मैदान खरं होतं, गोळा नव्हता कारण तो तेव्हा पुरा झालेला नव्हता, सगळं बसत होतं, एकेक गोष्ट आपापल्या चौकटीत जाऊन उभी राहत होती. त्याला घेवरचा हात धरावासा वाटला. त्याला प्रमिलेला लगेच फोन करावासा वाटला. भाभी, मला सांगायचं तरी, असं तो म्हणाला, आणि आवाज हसरा निघाला, स्वतःलाच अनोळखी वाटावा इतका.

पतासीबाई त्याच्याकडे बघून हसल्या. “तुमनाच सामने तं सरकाई. तुमलेच इचारं मी. तुम्ही बोलनात, भाभी, सरकाडा, हाई माशी तटस्थ शे म्हने.” त्या शब्दाचं त्यांना अजून हसू येत होतं. त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. “मी यास्ले इचारं, तटस्थ म्हंजे काय?”

पंखा फिरत होता. चहावर साय धरत होती. गिरधरने ते वाक्य मनात फिरवून पाहिलं, जसं सापडलेली चावी माणूस फिरवून बघतो. वाक्य त्याचं होतं. त्यात शंकाच नव्हती. तटस्थ हा शब्द या माडीवर दुसरं कुणी उच्चारलं नसतं. असा विनोद, पुस्तकी, थोडा लाजत केलेला, शेवटी स्वतःच आधी हसून टाकलेला, तो त्याचाच होता. त्याला ते वाक्य आवडलंसुद्धा. पण ते म्हटल्याचं त्याला काहीही आठवत नव्हतं. पतासीबाई वाकल्याचं नाही, माशी नाही, तोफ उचलणारा हात नाही. त्या जागी भोकही नव्हतं. भोक असतं तर बोट घालून बघता आलं असतं. तिथे नुसतं हिरवं कापड होतं, सपाट, आणि त्यावर तोफ पलीकडे उभी होती.

आणि घेवर बोलला. तो घाईत बोलला, कपात बघत. बायकोला म्हणाला, तुझं काहीतरीच. गिरधर तेव्हा खाली हात धुवायला गेला होता. तू मला विचारलंस. “गाडी मीच सरकाई. माले जिकनं व्हतं.” आणि गिरधरकडे वळून, बरं आता पकडलंस, गोटी परत घे, असं म्हणून त्याने तोफ उचलायला हात पुढे केला. पतासीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. पन्नासेक वर्षांच्या संसारात दोरा तुटताना ऐकू यावा तसं काहीतरी त्यांना ऐकू आलं होतं. त्या आळीपाळीने दोघांकडे बघू लागल्या, आणि मग त्यांना हळूहळू कळलं. त्यांनी पदर पुढे ओढला, खाखरा गार होईल असं म्हणाल्या, जो गारच असतो, आणि बांगड्या हाताने दाबून धरत जिना उतरून गेल्या.

घेवर खोटं बोलला होता. पर्युषण तोंडावर असताना, बायकोसमोर, स्वतःवर चोरीचा आळ घेऊन. आणि सराईतपणे बोलला होता. गिरधरच्या मनात तो सराईतपणा सगळ्यात खोल गेला. हे पहिल्यांदा नव्हतं. मग दर आठवड्याला जिना उतरताना तो जो पास होत होता, ते पेपर कोण तपासत होतं? त्याने ठरवायचा प्रयत्न केला की आता काय ठरलं. तोफेची चौकट त्याला बरोबर आठवत होती. तोफ हलवल्याचं आठवत नव्हतं. म्हणजे पास की नापास? प्रमिलेला दिलेल्या शब्दात हे बसत नव्हतं. खात्री पटली तर जायचं. पण अर्धी खात्री पटली तर माणूस कुठवर जातो, ओढ्याच्या मध्यापर्यंत? संध्याकाळी हेमकांत विचारेल, काय ठरलं दादा. त्याला काय सांगायचं, आणि सांगायचं ठरवलं तरी लोणखेड्याची रिक्षा मिळून घरी पोचेपर्यंत ते डोक्यात राहील का? आजवर त्याने आयुष्यात कुणाला काही विचारलं नव्हतं. लोक त्याला विचारायला यायचे, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, आणि तो सांगायचा. तो सांगणारा होता. घेवरचा हात तोफेवर तसाच थांबला होता.

“ऱ्हाऊ दे तिथेच,” गिरधर म्हणाला. मग खुर्चीच्या हाताला धरून, “घेवर. मी आणखी काय काय विसरलोय?”

घेवरने हात मागे घेतला. काय बोलतोस, म्हणाला. चहा पी, म्हणाला. गिरधरने चहा घेतला नाही, नुसता बघत राहिला, आणि त्याला जाणवलं की त्याच्या नजरेत आता संकोच उरलेला नाही. तो कुठे पडला ते मात्र कळत नव्हतं. खिडकीतून माशी आत आली. पोटाखाली चिखलाचा थेंब घेऊन ती मैदानावर घिरट्या घालू लागली, घोडदळावरून, निळ्या पट्टीवरून, आणि टेकडीच्या पायथ्याला उतरली. दोघांनीही आपापले हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. ती बराच वेळ गोळ्याच्या कडेशी काहीतरी लिंपत होती. काम झाल्यावर तिने पाय झटकले, आणि गेली.

“खरंच सांगू का?” घेवर म्हणाला.

“सांग.”

घेवरने मैदानाकडे बघितलं. त्याचं बोट ओढ्याच्या कडेच्या त्या जुन्या, पुसट रेघेवर आलं आणि तिच्यावरून हळूहळू फिरत टेकडीपर्यंत गेलं, तिथून वावरापर्यंत. “हाई लढाई,” तो म्हणाला, “आपली उन्हाळामा एकदाव खेळेल शे. हाईच. तूच मांडेल व्हती.” त्याने बोट उचललं. “तूच जिकेल व्हता.”

खाली दुकानात कुणीतरी तागा उलगडला, तो फळीवर थपथप पडत गेला. गिरधरने वावराकडे पाहिलं, तासांत उभ्या असलेल्या आपल्या पायदळाकडे. जिथून कुणी येईल असं वाटणार नाही तिथून ते चाललं होतं. उन्हाळ्यातही चाललं होतं, आणि पोचलं होतं. त्याला भीती वाटायला हवी होती. ती येतही होती, जिन्याची एकेक पायरी घेत, पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, आणि ते लहान मुलासारखं होतं.

“कसा?” त्याने विचारलं. “कसा जिंकलो मी?”

घेवरने फासे उचलले, गिरधरचा हात ओढून घेतला, तळहातावर फासे ठेवले आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

“ते मी सांगाव नही,” तो म्हणाला. “तुन्ही पाळी शे.”